चेन लागत नाही

घरून, ता. साकोली
सोमवार, ५ मे २०२५

चि. अनुप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र अतुलच्या हाती देते आहे. फोन नको असं तूच कळवलंस आणि वकीलही तेच म्हणतात. तू ज्या गावी आहेस त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अतुल आपल्या मावशीचा मुलगा, तोंडाचा हलका आहे, पण दुसऱ्याचं पाकीट फोडणारा नाही.

आधी घरचं. आई आता उशीला टेकून बसते. डोक्याचे टाके निघाले. डावा डोळा गेला तो गेलाच. गालाला मांडीची कातडी लावली आहे, ती धरली असं डॉक्टर म्हणतात. भाताची पेज पिते. परवा पेजेत मीठ नव्हतं म्हणून माझ्यावर खेकसली. मी आत जाऊन रडले, आनंदानं. रुचिकाचे भाऊ तिला माहेरी न्यायला गाडी घेऊन आले होते. तिनं त्यांना चहा पाजला आणि गाडी रिकामी परत पाठवली. तुझ्यावर फार चिडली आहे, पण घर सोडून गेली नाही, एवढं तुला कळावं.

आपला पाहुण्यांचा कॅम्प बंद आहे. सात तंबू गोठ्यात टाकले आहेत. आठवा, फाटलेला, पोलिसांकडे जमा आहे. त्याच्याबरोबर ती हातोडीही.

गावात तुझं नाव झालं आहे. शेजारचा नत्थू चौकात बसून सगळ्यांना ऐकवतो, "मायसाठी पोरानं हातोडी उचलली. आमचे पोट्टे मायचा फोन बी नाही उचलत!" लोक हसतात. मी भाजी घ्यायला गेले तर माझ्यासाठी रांग सोडली. पंचफुलाकाकूंनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असा भाऊ पाह्यजे, बाई," म्हणाल्या.

तंबूवाल्या मनिषबद्दल तू अतुलजवळ एकदाही विचारलं नाहीस. तरी लिहिते. तो नागपूरला आहे. खालचा जबडा ठिकठिकाणी तुटला. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले आहेत, हाड सांधेपर्यंत. नळीनं पातळ पितो. उजव्या कानानं ऐकू येत नाही. तू मारत होतास तेव्हा त्याचा एक दात उडून माझ्या चपलेवर पडला होता. मी पाय झटकला. तुझ्या हातोडीपेक्षा मला माझं ते पाय झटकणं जास्त आठवतं.

मागच्या आठवड्यात मनिषचे वडील आले. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. साकोलीपर्यंत बसनं आणि तिथून पुढे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. सत्तरीचा माणूस, पांढरा पायजमा, पायजम्याला रस्त्याची लाल माती. ओसरीत पाय ठेवायला तयार नव्हते. नत्थू आपल्या आवाजात "पाणी घ्या ना, बाबूजी!" म्हणाला तर त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले, मार चुकवायला धरतात तसे. नत्थूलाही मग काय करावं कळेना. तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला.

त्यांनी पिशवीतून पुडकं काढलं. आठही तंबूंचे पैसे. म्हणाले, "बाई, पूरे हायेत. टेंट बी तुमच्याकडेच राहू द्या. फक्त दुकानावर कोणाले पाठवू नका. दुकानात आता सून बसते."

मी सांगितलं की आमच्याकडून कोणी येणार नाही. त्यांना ते खरं वाटलं नाही. कसं वाटेल? कुंपणापाशी माणसं जमली होती. त्यांतून कोणी तरी ओरडलं, "पाह्य ना, लातों के भूत!" आणि पुढचं सगळ्यांनी मिळून म्हटलं. मी दोन्ही हातांनी ते पुडकं घेतलं, अनुप. घेतलं नसतं तर ते तिथून हलले नसते, असं मी स्वतःला सांगते.

तंबू खराबच होते. आपण नीट मागितले तेव्हा पैसे मिळाले नाहीत, हे खरं आहे. माणसाचा जबडा फोडल्यावर मिळाले, हेही खरं आहे. पुडकं तांदळाच्या कोठीत ठेवलं आहे. तेव्हापासून भाताला तांदूळ काढायला मी रुचिकाला पाठवते.

आता केसचं. चंद्रकुमार वकिलांनी मला दोनदा बोलावलं. कलम मोठं आहे, लोक ज्याला हाफ मर्डर म्हणतात ते. दुकानातला नोकर तेव्हा मागे गोदामात होता. पहिल्यापासून पाहणारी मी एकटी. मनिष बोलू शकत नाही आणि लिहून देण्याइतका अजून सावरला नाही. वकील म्हणाले, "मॅडम, गोष्ट सीधी आहे. दुकानदारानं बोगस टेंट विकला. चेन जाम झाली, म्हातारी अंदर फसली, अस्वलानं फाडली. तुम्ही रिफंड मागाले गेले तर तो हसला. पोराचा डोका फिरला. एवढं तुमच्या बयानात आलं पाह्यजे. मग बेल कशी नाही होत ते मी पाहतो."

मी विचारलं, "आणि माझा आधीचा मेसेज?"

"कोणता?"

"मनिषला पाठवलेला. चेन लागत नाही म्हणून."

"तो दुसऱ्या टेंटचा होता म्हणा ना. आठ होते न तुमच्याजवळ?"

अनुप, तो दुसऱ्या तंबूचा नव्हता.

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, म्हणून जरा मागून लिहिते. वाचता वाचता पत्र फाडू नकोस. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मार्चमध्ये अवकाळी वादळ आलं आणि तंबूंच्या दांड्या तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांसारख्या मोडल्या. नागपूरचे पाहुणे लेकरांना कडेवर घेऊन आपल्या ओसरीत धावले. दुसऱ्या दिवशी मी मनिषला फोटो पाठवले. पाणी आत येतं. दांड्या मोडल्या. एका तंबूची चेन लागत नाही, दात धरतच नाहीत, दार आपोआप उघडतं. त्याचं उत्तर आलं, वापरलेला माल परत होत नाही, कंपनीशी बोला. कंपनीचा नंबर लावला की गाणं वाजायचं. तू म्हणालास, "ताई, तू लिहीतच राह. मी एकदा जाऊन येतो ना." मी तुला अडवलं. आपण कायद्यानं घेऊ म्हटलं. तुझ्यापेक्षा मी शहाणी आहे याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

त्याच आठवड्यात मोह फुलला. चितळं आणि लोकांची गुरं फुलं खातात म्हणून आई दरवर्षीसारखी झाडाखाली झोपायला निघाली. या वर्षी म्हणाली, "एवढे टेंट पडले हायेत, एक मले द्या ना." आपण दोघं हसलो. तूच तो झाडाखाली ठोकून दिलास. धड दांड्यांचा तो एकच होता. चेन न लागणारा.

पुढचं तुला माहीत नाही. तू त्या दिवसांत भाड्याची गाडी चालवून उशिरा यायचास.

पहिल्याच संध्याकाळी दार उघडं पडायला लागलं. आई म्हणाली, "सापकिरडू घुसते ना वं अंदर. शिवून टाक. धानाचं पोतं शिवतेत तसं." दाभण आणि सुतळी तिनंच माझ्या हातात दिली. तंबूच्या दाराला चेनीच्या दोन्ही बाजूंनी मी दाभणानं टोचत गेले आणि खाली पक्की गाठ मारली. गाठ बाहेरून. आत बसून आई सांगत होती, "जवळ जवळ घाल टाके. पोतं गळते मंग." मोठी खूश होती. "पहाटे येजो उसवाले," म्हणाली. मी रोज संध्याकाळी तिला शिवायची आणि रोज पहाटे उसवायची. वाळत आलेली फुलं दवानं भिजू नयेत म्हणून टोपलीभर तिच्या उशाशी असायची. मोहफुलांचा वास अस्वलाला कुठून कुठून ओढून आणतो, हे आपल्याकडे लेकराला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. आई म्हणायची, "आता कुठी येते अस्वल, रस्त्यानं एवढ्या गाड्या असतेत." मला ते पटवून घ्यायला सोपं गेलं.

त्या दिवशी मी वेळेवर उठले होते. फुलं वेचायच्या वेळी झोपून राहिले, असं मी तुम्हाला सांगितलं, ते खरं नाही. मी अंगणात उभी होते. फोनवर मनिषचा रात्री आलेला मेसेज होता. "मॅडम, आता त्रास देऊ नका." माझ्या डोक्यात आग गेली. मी तिथेच उत्तर लिहायला लागले. "तुमच्या सेवेतील त्रुटी" असं लिहिलं. मग त्रुटी खोडून फसवणूक केलं. मग वाटलं, फसवणूक सिद्ध झालेली नाही, म्हणून परत त्रुटी केलं. उजाडत होतं. तिकडे आई शिवलेल्या तंबूत मला हाका मारत असेल. मी शब्द लावत होते.

किंकाळी ऐकली तेव्हा घमेलं उचलून धावले. अस्वलाचं अर्धं अंग तंबूत होतं आणि कापड त्याच्या पाठीवर घोंगडीसारखं पडलं होतं. आत आई होती. तिचा आवाज कापडातून येत होता, पोत्यात कोंडलेल्या मांजरासारखा. मी घमेलं बडवत राहिले. ते मागे फिरलं, दोन पायांवर उभं राहिलं, माझ्याकडे पाहिलं. मुसकटाला मोहफुलं चिकटली होती, त्यांवर रक्त. मग चार पायांवर येऊन नाल्याकडे गेलं. घाई नव्हती त्याला. दार त्यानंच उघडलं होतं, नखांनी, माझ्या शिवणीच्या बाजूनं, वरून खालपर्यंत.

आईच्या डोक्याची कातडी एका बाजूला लोंबत होती आणि खाली हाड दिसत होतं. गाल उघडा पडून आतले दात दिसत होते. तिचे हात कोपरापर्यंत फाटलेले होते. त्या हातांनी ती आतून शिवण ओढत होती, हे बोटांना गुंडाळलेल्या सुतळीवरून दिसत होतं.

मी सुतळी ओढून काढली. तिच्या बोटांतून सोडवली, दारातून सरसर ओढली आणि गोळा करून ओच्यात खोचली. तिच्या जखमेवर पदर दाबायच्या आधी की नंतर, ते आठवत नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. आठवतं. आधी.

मग तू कुऱ्हाड घेऊन आलास, नाल्यापर्यंत धावत गेलास, झाडांवर घाव घातलेस, आणि परत येऊन मला विचारलंस, "निघाली काहून नाही वं बाहेर?"

मी म्हणाले, "चेन जाम झाली."

तेच मी पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाला सांगितलं. तेच दवाखान्यात सांगितलं. सांगता सांगता त्याची मला सवय झाली. तू रोज दवाखान्याच्या पायरीवर बसून दात खायचास, "त्याच्या टेंटनं माझी माय खाल्ली." मी तुझ्या शेजारी बसून मान हलवायची.

आता दुकान. त्या दिवशी मीच तुला सोबत नेलं. पुरावा म्हणून फाटका तंबू, मोडलेल्या दांड्या, खुंट्या ठोकायची हातोडी, सगळं काउंटरवर मांडलं. मी म्हटलं, तुमच्या तंबूची चेन उघडली नाही म्हणून माझी आई मरता मरता वाचली. मनिष आधी घाबरला होता. खरंच घाबरला होता. "माताजी कशा आहेत?" असं त्यानं विचारलं. तू हे विसरला असशील. मग त्यानं फोन काढला, माझा मेसेज शोधला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. सुटका झाली म्हणून हसला तो. आपल्यावर नाही हसला.

"मॅडम, तुम्हीच लिहिलं ना, चेन लागतच नाही म्हणून? आता म्हणता उघडतच नाही. जे लागतच नाही ते उघडल्याबिगर कसं राहीन? एक काय ते ठरवा ना बुवा."

तू माझ्याकडे वळलास. "ताई, काय म्हणते हा?"

तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा राग नव्हता. खरंच विचारत होतास. लहानपणी गणित अडलं की विचारायचास तसं. सांगायची जागा तीच होती. दुसरी नव्हती.

मी म्हणाले, "खोटं बोलते तो."

आणि तू हात मागे केलास. वावरात धान कापताना तू न पाहता हात मागे करतोस आणि मी त्यात विळा देते, तसा. मी हातोडी दिली.

पोलिसांत सगळ्यांना वाटतं की तू ती काउंटरवरून उचललीस. तुलाही तसंच वाटत असेल. हातोडी काउंटरच्या पार दुसऱ्या टोकाला, माझ्यापाशी होती, अनुप. आठवून बघ. मी ती उचलली, दांडा तुझ्याकडे करून तुझ्या तळहातावर ठेवली.

पहिला घाव खांद्यावर. तो खाली बसला, तेव्हा तू काउंटर ओलांडलास. दुसऱ्या घावाला असा आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा. तो हात जोडत होता आणि तू जोडलेल्या हातांवरून मारत होतास. तंबूच्या नव्या पिशव्यांवर रक्त उडालं. मी ओरडले नाही. तुला धरलं नाही. आत्ता लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटत होतं. ज्या तोंडातून ते वाक्य आलं ते तोंड फुटत होतं, आणि प्रत्येक घावाबरोबर माझी सुतळी आणखी खोल गाडली जात होती. नोकर आतून ओरडत आला म्हणून तू थांबलास. नाही तर मी थांबवलं नसतं.

आईला सगळं माहीत आहे. बोलता यायला लागल्यावर तिचं पहिलं वाक्य तेच होतं. एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत, अर्ध्या ओठांनी म्हणाली, "त्याले नको सांगजो. तुले मारून टाकन तो." मी सुतळी काय केली तेही तिनं विचारलं. मी चुलीत घातली म्हटलं. ती म्हणाली, "बरं केलं." माझ्यासाठी तिनं एवढंही गिळलं. त्यानंतर मला तिच्या तोंडात पेजेचा चमचा घालवेना.

म्हणून आज सकाळी मी भंडाऱ्याच्या ठाण्यात जाऊन बयान दिलं. वकिलांना विचारलं नाही. शिवणीचं सांगितलं, सुतळीचं सांगितलं, हातोडी कोणी दिली ते सांगितलं. साहेबांनी लिहिता लिहिता हात थांबवला. "बाई, तुम्हाला समजते ना काय सांगून राहिल्या? तुम्ही पण येता आता यात." मी म्हटलं, समजतं. मला लगेच अटक केली नाही. गाव सोडू नका म्हणाले. तुझी जामिनाची गोष्ट मी मोडली. दुकानदारानं आईला अस्वलाच्या तोंडी दिलं, ही तुझ्या बाजूची एकच गोष्ट होती, आणि ती मी तुझ्याकडून काढून घेतली. उद्यापर्यंत गावालाही कळेल. नत्थू मग चौकात काय सांगतो ते पाहू.

मनिषनं पैसे द्यायला हवे होते. वेळेवर दिले असते तर तो तंबू मोहाखाली आलाच नसता. तेवढा दोष त्याचा आहे आणि तेवढाच मी बयानात लिहून दिला आहे. त्याच्या हसण्याला मी कसलाच दोष लावलेला नाही. कोठीतल्या पैशांचं काय करायचं ते मला एकटीला ठरवता येत नाही. भैयाजींना परत द्यावे असं मन म्हणतं. तू आल्यावर बोलू.

कारण तुला यावंच लागेल. पोलीस तुला शोधून आणतील त्याआधी तू स्वतः ये. ठाण्यात आपण दोघं जाऊ. पण आधी घरी ये, कारण आधी तुझं माझ्याशी काम आहे. तुझा राग मला माहीत आहे. तो चुकीच्या माणसावर निघाला, आणि ज्याच्यावर निघायला हवा होता ती मी आहे. मी घर सोडून कुठे जाणार नाही. आईला मी आपल्या दोघांमध्ये पडू देणार नाही. रुचिकालाही नाही.

फक्त एक. कुऱ्हाड, विळे, पहारी, सगळं मी नत्थूकडे नेऊन टाकलं आहे. तू अंगणात येशील तेव्हा मी समोरच असेन. तुझा हात मागे गेला तर या वेळी त्यात काही ठेवणारं कुणी नाही.

तुला घाव घालायला हत्यार देणारी, आणि तरी तुझीच,
हर्षाताई